कानावरची पेन्सिल

मिस्त्री,

रविवारी तुमच्या घरी, तुमच्या फोटोपुढच्या पुण्यानुमोदनाला, वहिनींनी मला एक प्रश्न विचारला आणि मी पाणी पिण्याचं निमित्त करून उठलो. माठापाशी गेलो, पेला भरला, आणि तो तसाच हातात धरून मागच्या दारानं थेट सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत चालत आलो. पेला अजून माझ्याकडेच आहे. तुमचं नाव कोरलेला.

प्रश्न साधाच होता. फोटोकडे बोट करून त्या म्हणाल्या, "भाऊ, अख्ख्या लकडगंजात याईच्या नाकासारखं नाक नव्हतं. ओंडक्याच्या पोटातलं सडकं वासानं सांगत होते. मंग सोताच्या अंगाचा वास याईले कसा नाही समजला?"

याचं उत्तर जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले तुम्ही गेलात.

त्याच दिवशी तुमच्या वाचनालयाच्या मंडळींनी मला धरलं. तुमच्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे, दोन पानं तूही लिही म्हणाले. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, पण तुम्हीच मला दर शनिवारी तिथल्या बाकावर बसवून पेपर मोठ्यानं वाचायला लावलात, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा तुमच्या नाकाची थोरवी लिहिली आणि तिन्ही वेळा कागद फाडला. हा चौथा. हा द्यायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही. मला भीती वाटते. ती कशाची, ते लिहिता लिहिताच कळेल.

मी भित्रा आहे हे तुम्हाला सांगायला नको. राजापूरकडून नागपूरला आलो तेव्हा आरा मशीनच्या आवाजानं दचकायचो. तुम्ही मला पहिल्या दिवशी विचारलंत, "तू सुतार हायेस का ससा हायेस गा?" नाव विचारलं नाहीत. कोकणातला म्हणून कोकण्या, तो शेवटपर्यंत कोकण्याच राहिलो. महिनाभर लाकडाच्या टालावर मी तुमच्याकडे नुसता बघत होतो. जंगलातून सागाचे ओंडके यायचे, त्यांच्या तोंडाची एक पातळ चकती कापली जायची, आणि तुम्ही ती नाकाशी धरून डोळे मिटायचात. शेठ, ट्रकवाला, मजूर, सगळे गप्प. मग तुम्ही डोळे उघडून सांगायचात, घ्या किंवा नका घेऊ. एकदा वरून दगडासारखा दिसणारा ओंडका तुम्ही परत धाडायला सांगितलात. शेठ ऐकेना. चिरून बघितला तर आतला हातभर गाभा ओल्या भुश्यासारखा. तुम्ही मला जवळ बोलावलंत. "हुंग," म्हणालात. "चांगला साग तेलकट येते, नव्या चपलेवानी. सडका असला का आंबूस येते, भिजलेल्या पोत्यावानी. साल काही सांगत नाही, कोकण्या. साल शेवटपर्यंत खोटं बोलते."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. पोटात दुखायला लागलं ते मी तीन दिवस ओवा-काळं मीठ खाऊन काढलं. चौथ्या दिवशी दुखायचं थांबलं आणि मी खूश झालो. थांबलं नव्हतं, आत फुटलं होतं. तुम्ही मला हातगाडीवर टाकून सरकारी दवाखान्यात नेलंत. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायला माझं कुणी नव्हतं. आई सहाशे मैलांवर, तार पोचायलाच दोन दिवस. तुम्ही सही केलीत आणि नात्यापुढं 'भाऊ' लिहिलंत. खिडकीतला कारकून म्हणाला, "दोघांची आडनावं वेगळी कशी?"

"कोकणात पाऊस लई हाये साहेब," तुम्ही म्हणालात. "आडनाव फुगलं त्याचं."

तो हसला नाही. पण फॉर्म घेतलान.

ऑपरेशन झालं, अपेंडिक्स काढलं, पोटातून रबराची नळी बाहेर काढून ठेवली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी हुडहुडी भरली. मिस्त्री, त्या हुडहुडीबद्दल मी तुमच्याजवळ कधी बोललो नाही, कारण बोलताना ती परत येईल असं वाटायचं. दात एकमेकांवर आपटत होते, लोखंडी कॉट फरशीवर खडखडत होती, शेजारच्या कॉटवरचा म्हातारा उठून माझे पाय दाबून धरत होता. अर्ध्या तासानं ताप चढायचा, मग घाम, मग सगळं शांत, आणि संध्याकाळी परत तेच. हातातून रक्त काढून बाटल्यांत घातलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, रक्त साफ आहे, जंतू नाहीत. सकाळ-संध्याकाळ सुया टोचत होते त्या टोचतच राहिले. मी छताकडे बघत हिशेब लावायचो, की रक्त साफ आहे तर मग मी मरतोय कशानं?

आणि वास. नळीतून जे येत होतं त्याचा. उंदीर मेल्यासारखा म्हणू की काय म्हणू. मला माझीच किळस यायची. तीस कॉटांचा वॉर्ड, लोकांना भेटायला बायाबापड्या यायच्या, माझ्याजवळून जाताना पदर नाकाला लागायचा. मग मी एक केलं. राउंडच्या आधी सफाईवाल्याला विनवून कॉटखाली फिनेल टाकून घ्यायचो. शेजारच्या म्हाताऱ्याकडच्या उदबत्त्या लावायचो, पावाच्या तुकड्यात खोचून. पट्टीवर पावडर भुरभुरायचो. डॉक्टर यायचे तेव्हा माझी कॉट देवघरासारखी घमघमत असायची. मला वाटायचं, निदान डॉक्टरांसमोर तरी माणसासारखं असावं.

तुम्ही डबा घेऊन आलात त्या दिवशी राउंड चालू होता. तुम्ही उदबत्तीकडे बघितलंत. माझ्याकडे बघितलंत. डबा खाली ठेवलात, माझ्या पोटावर वाकलात, आणि डोळे मिटलेत. जसे चकतीवर मिटायचात तसेच. मी दोन्ही हातांनी तुमचं डोकं ढकलत होतो. तुम्ही सरळ उभे राहिलात आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडलात, "डॉक्टरसाहेब! हा पोरगा आतून सडून राहिला!"

लोक हसले. एक म्हणाला, "कोन सडला बाप्पा?" मोठे डॉक्टर चिडले, याला बाहेर काढा म्हणाले. पण त्यांच्यामागे एक तरुण लेडी डॉक्टर होती, ती थांबली. तिनं उदबत्ती विझवली. पट्टी सोडली आणि तुमच्यासारखीच वाकली. मग तिनं विचारलं, "हा वास कधीपासून आहे?"

"चार दिवस," मी म्हणालो.

"आणि तुम्ही उदबत्ती लावत होता?"

मी उदबत्ती खोचलेला पावाचा तुकडा उशीखाली सरकवला.

नंतर तिनं आपल्या दोघांना समजावलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की मी ते मनात घोळवलं नाही. ती म्हणाली, हे जंतू बाहेरून येत नाहीत. ते आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात, जन्मभर, काही करत नाहीत. हवा लागली की मरतात. म्हणून हवा नसते तिथेच वाढतात. आतडं फुटलं की ते पोटात उतरतात, पू करतात, आणि तिथून रक्तात. आपण रक्त घेतो त्या साध्या बाटलीत हवा असते, त्यात ते उगवतच नाहीत. बाटली म्हणते रक्त साफ. वास तेवढा खरं सांगतो.

तुम्ही तंबाखू मळायचे थांबलात. "म्हंजे ओंडक्यावानी," म्हणालात. "साल चांगली आन् गाभा गेला."

तिनं जी गोळी लिहून दिली तिचं नाव वाचून तुम्ही उडालातच. "बाई, हे तं आवेची गोळी हाये! माह्या घरी डब्यात पडली हाये." ती म्हणाली, हो, तीच, पण ती ह्या जंतूंनाही मारते असं आता कळलंय. दुसऱ्या दिवशी मला परत टेबलावर घेऊन पू काढला. गोळ्या चालू झाल्या. तोंडात सतत पितळ चाटल्यासारखी चव. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची हुडहुडी आली नाही. मी वाट बघत बसलो होतो, चादर दातांत धरून. ती आली नाही. चौथ्याही दिवशी आली नाही.

जीव वाचवलात. आणि मी महिनाभर तुमच्याशी बोललो नाही.

कारण त्या वॉर्डात मी सडका कोकण्या झालो होतो. टालावर परत आलो तर तिथंही तेच. तुमच्यावर मी एकदाच तडकलो, आठवतं? "डॉक्टरच्या कानात सांगता आलं नसतं?"

"कानात सांगतलं असतं तं कानातच राह्यलं असतं."

"माणसाची काही इज्जत असते, मिस्त्री."

"असते ना. जित्या माणसाले असते."

हा वाद आपला दहा वर्षं मिटला नाही. चहाच्या टपरीवर, वाचनालयाच्या बाकावर, कुठलाही विषय निघाला की आपण फिरून तिथंच. मी म्हणायचो, आमच्याकडे दुसऱ्याची लाज झाकतात, त्याला माणुसकी म्हणतात. तुम्ही म्हणायचात, "झाका. आमाले झाकून झाकूनच शेकडो वर्षं ठेवलं. म्हून तं दीक्षा घेतल्यापासून मी उघडं बोलतो." मग तुम्ही हसायचात आणि माझ्या पोटाकडे बोट दाखवायचात. "तुह्ये ते भाडेकरू कसे हायेत? भाडं देऊन राहिले का बराबर?" मी घाबरून पोटावर हात ठेवायचो. तुम्ही म्हणायचात, "भिऊ नको. घरात राह्यले तवर घरचेच हायेत ते."

आता ते सांगतो जे कुणालाच माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तुम्हाला मोठी सर्दी झाली. सर्दी गेली आणि नाकही घेऊन गेली. तुम्ही मला शेडच्या मागे नेलंत, सागाची ताजी चकती माझ्यापुढे धरलीत, म्हणालात, "सांग, कसा हाये?" मी म्हणालो, चांगला. तुम्ही ती परत नाकाशी नेलीत, खूप वेळ. तुमचा चेहरा तसा मी कधी बघितला नव्हता. ससा मी होतो, पण त्या दिवशी तुम्ही दिसलात.

"कोकण्या, मले कायचाच वास नाही येऊन राहिला."

"येईल परत."

"दोन महिने झाले."

नाक गेलेला मिस्त्री शेठला कशाला हवा? मग आपण ती युक्ती काढली. तुम्ही पूर्वीसारखंच वाकायचं, डोळे मिटायचे. मी चकती धरून शेजारी उभा, तिचा वास आधीच घेतलेला. माझ्या उजव्या कानावर पेन्सिल. ती जागेवर असली की माल चांगला. ती मी काढून हातात घेतली की आत सडकं. तुम्ही डोळे उघडायचात, सहज बघितल्यासारखं माझ्या कानाकडे बघायचात, आणि निकाल द्यायचात. तीन वर्षं! कुणाला संशय आला नाही. फक्त एकदा मला शिंक आली आणि पेन्सिल आपोआप पडली. सोन्यासारखा ओंडका तुम्ही परत पाठवलात, तो पुढच्या टालवाल्यानं घेतला आणि वर्षभर मिरवला. "तुह्या शिंकेनं माह्यं नाक कापलं गा!" म्हणून तुम्ही दिवसभर मला बोलत होतात.

वहिनींनाही सांगायचं नाही, ही तुमची अट होती. चुलीवरचं दूध करपलं आणि तुम्ही शेजारीच बसलेले, तर वाचण्यात लक्ष होतं म्हणून सांगायचात.

म्हणजे माझं काम एकच होतं, मिस्त्री. सडक्याचा वास आला की तुम्हाला सांगायचं. तेवढंच.

यंदाचा पोळा. टाल बंद, आरा बंद, सरसाची भट्टी बंद. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी तुम्ही दरवर्षीसारखे उरल्या तुकड्यांचे बैल करत बसला होतात, वस्तीतल्या पोरांसाठी. चाकं बसवायला मी आलो होतो. तुम्ही एका कुल्ल्यावर रेलून बसला होतात, खाली पोतं घडी करून. मी विचारलं तर म्हणालात, जुनी मूळव्याध आहे, दुखून राहिली. एक बैल गडगडत तुमच्या मांडीमागे गेला. मी तो उचलायला वाकलो.

आणि मला तो वास आला.

फार नाही. एकच झुळूक. रोज लाकूड चिकटवायचा सरस शिजतो तेव्हा हाडाचा-चामड्याचा तो उग्र दर्प सगळं झाकून टाकतो. त्या दिवशी भट्टी बंद होती. मी स्वतःला फसवू शकत नव्हतो. तो वास मी जगात सगळ्यात चांगला ओळखतो. माझ्याच पोटातून आला होता तो. बैल हातात घेऊन मी तसाच वाकलेला राहिलो.

"काय गा, बैलाचं तोंड हुंगून राहिला का?" तुम्ही म्हणालात.

मी हसलो. मिस्त्री, मी हसलो आणि चाक बसवलं.

का बोललो नाही? मी पन्नास कारणं स्वतःला सांगितली. ती जागा तसली. तुम्ही वीस वर्षांनी मोठे, माझे प्राण वाचवणारे. दोन दिवसांनी धीर करून म्हणालो तर, "मिस्त्री, एकदा डॉक्टरला दाखवा."

"कायले?"

"असंच."

"असंच म्हून कोणी डॉक्टरपुढं पायजमा सोडते का?"

तुम्ही हसलात आणि मग पटकन दुसरीकडे बघितलंत. तुम्हालाही लाज होती, मिस्त्री. वॉर्डात माझ्यासाठी ओरडणाऱ्या माणसालाही स्वतःसाठी लाज होती. ते मला दिसलं, आणि तिथंच मला नको ते सुचलं. मला वाटलं, आता मी दाखवतो. दुसऱ्याची लाज कशी झाकतात ते. दहा वर्षं चाललेला वाद मी न बोलता जिंकणार होतो. तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंत, मी तुम्हाला कुणासमोर उघडं पडू देणार नाही. हे खरं कारण आहे. बाकीची एकोणपन्नास कारणं म्हणजे नुसती साल.

भट्टी परत चालू झाली तसा मी सरसाचा डबा उचलून तुमच्या बाजूला ठेवायला लागलो. गरम डबा, झाकण उघडं. कुणी विचारलं तर म्हणायचो, मिस्त्रींना जवळ लागतो. एक दिवस शेठ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आज बहुत बास मारून राहिला," आणि मी म्हणालो, "सरस जुना आहे शेठ." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला तर काहीच येत नव्हतं. तुम्ही माझ्या कानाकडे बघितलंत. पेन्सिल जागेवर होती.

ती नजर मला आता रोज सकाळी उठल्याबरोबर दिसते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आऱ्याजवळ उभे होतात. उद्यासाठी पांढरे कपडे धुऊन ठेवलेत, वहिनी आणि पोरगी तयार आहेत, दीक्षाभूमीवर सकाळीच जायचं म्हणून सांगत होतात. सांगता सांगता तुमचे दात वाजले. मला आधी वाटलं मशीन आहे. मग तुमचा हात बघितला. ऑक्टोबरच्या उन्हात, नागपूरच्या त्या उन्हात, तुम्ही थंडीनं कापत होतात. मिस्त्री, ती हुडहुडी मी ओळखली. मी खालीच बसलो. मग उठलो, रिक्षा आणली.

दवाखाना तोच. डॉक्टर दुसरे, तरुण. त्यांनी तुम्हाला कुशीवर वळवलं, आणि त्यांना काही शोधावं लागलं नाही. गुदाशेजारी मोठं गळू, आतून पसरलेलं. लघवीत साखर, जी तुम्हाला होती हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या आवेच्या गोळीतलंच औषध आता शिरेतून देतात, बाटलीतून. लगेच लावलं. गळू फोडलं. सगळं वेळेवर, सगळं बरोबर. फक्त सुरुवात चाळीस दिवस उशिरा. रक्तात गेलं होतं. लघवी थांबली होती.

डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता विचारलं, "इतका वास होता. घरात, कामावर, कुणालाच आला नाही? कधीपासून आहे?"

वहिनी औषध आणायला गेल्या होत्या. खोलीत आपण तिघेच. तुम्ही उशीवर मान वळवून माझ्याकडे बघितलंत. माझ्या कानाकडे. टालावरून तसाच धावत आलो होतो, पेन्सिल तिथंच होती. माझा हात वर गेला. मी तो पाठवला नव्हता. त्यानं पेन्सिल काढली आणि छातीशी धरली.

तुम्हाला कळलं. मी बघितलं, तुम्हाला कळलं.

तुम्ही विचारलंत, "कवापासून गा?"

आणि मी म्हणालो, "कालपासून."

तुम्ही डोळे मिटलेत. "मंग ठीक हाये," म्हणालात. "तुह्या नाकाचा काही कसूर नाही." थोड्या वेळानं त्या बाटलीकडे बघून म्हणालात, "तेच आवेची गोळी हाये का?" मी हो म्हणालो. "गोळीची बाटली झाली. वाढली म्हना पोरगी." हे तुमचं शेवटचं हसणं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. खोटं ऐकून गेलात. मला निर्दोष ठरवून गेलात, आणि त्या निर्दोषपणाइतकी मला कशाचीच भीती वाटली नाही. त्या हुडहुडीचीसुद्धा नाही.

म्हणून वहिनींनी विचारलं तेव्हा मी पेला घेऊन पळालो. उत्तर द्यायचं तर तुमचं नाक उघडं पडतं. आणि नाक उघडं पडलं की माझी पेन्सिल उघडी पडते.

इथवर लिहून कागद घडी केला आणि काल पेला परत द्यायला गेलो. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी पेला ठेवला. म्हणालो, "वहिनी, मिस्त्रींना वास येत नव्हता. तीन वर्षं. त्यांचं नाक गेलं होतं."

सुपातला त्यांचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. पेन्सिल, बैल, सरसाचा डबा. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, तांदळाकडे बघत होतो. त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "धुणं मीच धुत होती, भाऊ."

मला पटकन समजलं नाही.

"याईचे पायजमे. डाग होते, वास होता. मी म्हटलं, एवढं नाक हाये याईचं, याईले समजतेच. याईलेच सांगाचं नसंन. मंग म्या काहून बोलावं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "नाक गेलं होतं, हे मले एक डाव सांगतलं असतं ना त्याईनं..." तुमचं गुपित मी जपलं म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि तुमची लाज जपली म्हणून मी. तुमच्यावर इतकी माया करणारी दोन माणसं तुमच्या दोन्ही बाजूंना बसून होती, मिस्त्री, आणि दोघंही उदबत्ती लावत होतो.

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुमाले कवापासून येत होता?"

तोच प्रश्न. माझ्या घशाशी 'कालपासून' पुन्हा आलं. खरंच आलं.

"पोळ्यापासून," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मलेबी."

निघताना मी घडी केलेला कागद त्यांच्यापुढे धरला. म्हणालो, हे मी लिहिलंय, तुम्ही ऐका, मग मी फाडून टाकतो. मिस्त्रींची लाज जाईल अशानं. तेव्हा त्या काय म्हणाल्या ते ऐका, म्हणजे आपला दहा वर्षांचा वाद तरी मिटेल.

"त्याईनं तुमचं भर दवाखान्यात वरडून सांगतलं होतं ना? मंग तुम्ही त्याईचं माह्या कानात काहून सांगून राहिले? द्या ते पुस्तकात."

म्हणून देतो आहे. तुमच्या वस्तीतले, टालावरचे, शेठसुद्धा वाचतील. अक्षर पुसट वाटेल. हे शाईनं लिहिलेलं नाही. कानावरची पेन्सिल काढली आणि तिनंच लिहिलं.

तुम्ही विचारलं होतंत, मिस्त्री, कवापासून.

पोळ्यापासून.